डिस्कवर लेबल उमटत नाही? लाइटस्क्राइब ड्राइव्ह खोलण्याआधी हे तपासा

जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेला एखादा डीव्हीडी रायटर हाती लागतो. त्याच्या तोंडावर 'लाइटस्क्राइब' लिहिलेलं असतं, आणि कुठेतरी वाचलेलं आठवतं की हा ड्राइव्ह डिस्कच्या पाठीवर लेझरनेच नाव आणि चित्र काढून देतो. शाई नको, कागद नको. उत्साहाने डिस्क घालावी, तर पडद्यावर हुकूम येतो: लेबल करता येणारी डिस्क घाला. डिस्क तर आत आहेच! माझीही सुरुवात इथूनच झाली होती, आणि पहिला विचार आला तो ड्राइव्ह मोडीत काढायचा.

तो काढला नाही हे बरं झालं. हा एकच संदेश निदान चार वेगवेगळ्या कारणांनी येतो: डिस्क उलटी बसलेली असते, डिस्क भलत्याच जातीची असते, तिचं मधलं कडं मळलेलं असतं किंवा ते कडं वाचणाऱ्या सेन्सरवर धूळ बसलेली असते. चौघांपैकी एकालाही स्क्रूड्रायव्हर लागत नाही. म्हणून या लेखातला क्रम फुकटच्या उपायांपासून महागाकडे जाणारा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर लेबल उमटलं तरी कशामुळे उमटलं ते कळणार नाही.

आधी आत काय चालतं ते समजून घेऊ

हा भाग टाळू नका. पुढची निम्मी निदानं यातूनच निघतात.

लाइटस्क्राइब हे एचपीचं तंत्र. कल्पना तिथले अभियंते डॅरिल अँडरसन यांची, आणि तंत्र जगापुढे आलं २००४ मध्ये. लाइटस्क्राइबसाठीच्या खास डिस्कच्या लेबलच्या बाजूवर एका रंगद्रव्याचा पातळ थर असतो. ७८० नॅनोमीटर लांबीच्या तरंगाचा अवरक्त लेझर त्यावर पडला की तेवढा ठिपका काळवंडतो. हा लेझर लेबलसाठी वेगळा बसवलेला नसतो. सीडी वाचायला आणि लिहायला जो वापरतात, तोच. डीव्हीडीसाठी ड्राइव्हमध्ये ६५० नॅनोमीटरचा तांबडा लेझर निराळा असतो. म्हणजे डिस्क डीव्हीडी असली तरी तिच्या पाठीवरचं लेबल सीडीचा लेझरच काढतो. हे लक्षात ठेवा, फिक्या लेबलचं कोडं सोडवताना उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट मधल्या कड्याची. डेटा लिहिताना डिस्क कुठल्या कोनात बसली आहे याने ड्राइव्हला काही फरक पडत नाही. चित्र काढताना मात्र वरची बाजू कुठली हे माहीत असावंच लागतं. त्यासाठी डिस्कच्या भोकाजवळ बारीक रेघांचं एक कडं छापलेलं असतं. डिस्क फिरत असताना ड्राइव्हमधला एक स्वतंत्र सेन्सर त्या रेघा वाचून कोन ठरवतो. डिस्क कुठल्या प्रकारची आहे याची सांकेतिक खूणही तिथेच असते. हे कडं वाचता आलं नाही, तर ड्राइव्हच्या लेखी ती लाइटस्क्राइब डिस्कच नव्हे.

तिसरी गोष्ट म्हणजे चित्र वरून खाली छापलं जात नाही. आतून बाहेर, वर्तुळामागून वर्तुळ असं ते उमटत जातं.

पायरी १: ड्राइव्ह खरंच लेबल काढणारा आहे का?

तोंडावरच्या चिन्हावर विसंबू नका, विशेषतः लॅपटॉपच्या ड्राइव्हवर. त्यांची पुढची पट्टी नुसती खाचेत अडकवलेली असते आणि दुरुस्ती करताना एका ड्राइव्हची पट्टी दुसऱ्याला सर्रास लावली जाते. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसणारं किंवा ड्राइव्हच्या अंगावरच्या स्टिकरवर छापलेलं मॉडेलचं नाव खरं मानायचं. तिथे एखादं अक्षरही निर्णायक ठरतं: एलजीच्या जीएच२२एलएस३० मध्ये लाइटस्क्राइब होतं, जीएच२२एनएस३० मध्ये नव्हतं.

लेबलफ्लॅश नावाचं दुसरं तंत्रही होतं. ते यामाहा आणि एनईसीचं, २००५ च्या सुमाराचं. त्याच्या आधी, २००२ मध्ये, यामाहाने डेटाच्याच बाजूवर उरलेल्या जागेत चित्र काढणारा ड्राइव्ह आणला होता, त्याचीच ही पुढची पिढी. लेबलफ्लॅशच्या डिस्क निळसर दिसतात आणि त्यांचा रंगाचा थर पृष्ठभागावर नसून आत असतो. लाइटस्क्राइबच्या ड्राइव्हला लेबलफ्लॅशची डिस्क चालत नाही आणि उलटही नाही. दोन्ही नावं एकसारखी वाटल्याने चुकीच्या डिस्कचा अख्खा गठ्ठा घेतलेले लोक मी पाहिले आहेत.

पांढऱ्या, खडबडीत पाठीच्या 'प्रिंटेबल' डिस्क तर इंकजेट प्रिंटरसाठी असतात. लेझरच्या दृष्टीने त्यांची पाठ म्हणजे नुसता पांढरा रंग.

पायरी २: डिस्क

ज्या बाजूवर लेबल हवं ती बाजू खाली. इतकंच. पण आयुष्यभर चकचकीत बाजू खाली घालायची सवय असल्याने हात आपोआप तसाच वळतो. लेझर खालून वर पाहतो, म्हणून चित्र काढताना पाठ त्याच्यासमोर हवी. 'ड्राइव्हला डिस्क दिसत नाही' अशी तक्रार कुणी सांगितली की मी आधी हेच विचारतो, आणि पलीकडे बऱ्याचदा जरा वेळ शांतता पसरते.

बाजू बरोबर असेल तर मधलं कडं पाहा. दिव्याखाली तिरकी धरली की बोटांचे ठसे दिसतात. चष्मा पुसायचं कोरडं मऊ कापड घ्या आणि भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही. लेबलच्या बाजूला स्पिरिट, काच पुसायचा फवारा किंवा साबणाचं पाणी लावू नका. इथे रंगाचा थर अगदी वरच असतो.

तरीही ओळख पटत नसेल तर दुसऱ्या पाकिटातली, जमलं तर दुसऱ्या कंपनीची डिस्क घालून पाहा. एक चालते आणि एक चालत नाही असं झालं तर ड्राइव्ह सुटला. दोष त्या गठ्ठ्यात आहे किंवा तुमचं सॉफ्टवेअर त्या डिस्कला ओळखत नाही.

दोन्ही पाकिटांतल्या डिस्क नापास झाल्या तर सेन्सरवर संशय घ्या. ट्रे बाहेर काढा, कॉम्प्युटर बंद करून वीज काढा, आणि डिस्क ज्या मधल्या उंचवट्यावर बसते त्याच्या आसपास हवेच्या डब्याने दोनतीन हलके झोत सोडा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण आत जातात.

पायरी ३: सॉफ्टवेअर

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, कारण या तंत्राचं माहेर आता उरलेलं नाही. अधिकृत संकेतस्थळ २०१३ नंतर बंद पडलं. नवीन डिस्कांची माहिती पुरवणारे अपडेट तिथूनच यायचे, तेही थांबले.

नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो इथे दोन वेगळ्या गोष्टी लागतात म्हणून. पहिली, लाइटस्क्राइबचं सिस्टिम सॉफ्टवेअर. ते पडद्यामागे राहून ड्राइव्हशी बोलतं. दुसरी, चित्र मांडायचा प्रोग्रॅम: निरोचा कव्हर डिझायनर, शुअरथिंग किंवा एचपीचाच साधा लेबलर. निव्वळ दुसरी टाकली तर प्रोग्रॅम छान उघडतो, चित्रही मांडता येतं, पण छापायच्या वेळी 'ड्राइव्ह सापडला नाही' म्हणतो. ड्राइव्ह डेटा उत्तम लिहितो आणि लेबलच्या प्रोग्रॅमला मात्र दिसत नाही, असं असेल तर दहापैकी आठ वेळा सिस्टिम सॉफ्टवेअर नाही किंवा बिघडलं आहे असं समजा. हा हिशेब माझ्या अनुभवाचा, कुठल्या पाहणीचा नव्हे.

विंडोजवर मी असं करतो. आधी लेबलशी संबंधित सगळं अनइन्स्टॉल करतो. डिस्क बर्न करणारे मोठे प्रोग्रॅम स्वतःबरोबर सिस्टिम सॉफ्टवेअरची जुनी प्रत घेऊन येतात आणि नव्या प्रतीशी तिचं जमत नाही. मग कॉम्प्युटर रीस्टार्ट. मग १.१८ या शेवटच्या मालिकेतलं सिस्टिम सॉफ्टवेअर, पुन्हा रीस्टार्ट, आणि त्यानंतरच लेबलचा प्रोग्रॅम. सर्व्हिसेसच्या यादीत लाइटस्क्राइबची सेवा 'रनिंग' आहे ना ते पाहतो, नसेल तर सुरू करून ती 'ऑटोमॅटिक'वर ठेवतो. प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडताना 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'. हे सगळं विंडोज ७ आणि त्याआधीच्या काळातलं आहे, तरी विंडोज १० वरही ते अनेकांकडे मुकाट्याने चालतं.

मॅकवर गाडी एका ठिकाणी अडते. ही सॉफ्टवेअर ३२ बिटांची, आणि २०१९ मध्ये आलेल्या कॅटालिनापासून मॅकने ३२ बिटांचे प्रोग्रॅम चालवणंच बंद केलं. जुन्या प्रणालीवरचा एखादा मॅक पडून असेल तर त्यालाच हे काम द्या. लिनक्ससाठीही सिस्टिम सॉफ्टवेअर आणि लासी कंपनीचा लेबलर निघाला होता. तिथे ३२ बिटांच्या लायब्ररी आधी टाकाव्या लागतात आणि प्रोग्रॅम बहुधा रूट हक्कांनी चालवावा लागतो.

अधिकृत जागा बंद असल्याने फाइल कुठल्यातरी संग्रहातूनच उतरवावी लागणार. 'ड्राइव्हर अपडेटर' आधी टाका म्हणणाऱ्या पानांवरून ती घेऊ नका. उतरवलेली फाइल अँटीव्हायरसने तपासा, आणि एकदा चांगली प्रत मिळाली की ती स्वतःजवळ जपून ठेवा.

सॉफ्टवेअर नीट असूनही ड्राइव्ह 'व्यस्त' म्हणत असेल तर त्याला दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवलं आहे. बर्न करणारा दुसरा प्रोग्रॅम किंवा डिस्क घालताच उघडणारी ऑटोप्लेची खिडकी बंद करा. बाहेरचा यूएसबी ड्राइव्ह असेल तर तो हबमधून न जोडता थेट कॉम्प्युटरला जोडा. बारीक चणीच्या ड्राइव्हला लेबल काढताना सलग वीज लागते, आणि हबवर ती वाटली जाते.

पायरी ४: पहिली चाचणी छोटी ठेवा

पहिल्याच फटक्यात डिस्कभर फोटो छापू नका. वेळ कशावर ठरतो ते बघा: चित्रात काळं किती आहे यावर नाही, तर चित्र आतल्या कडेपासून बाहेर किती दूर पसरलं आहे यावर. भोकाभोवती गोलाकार लिहिलेली एक ओळ काही मिनिटांत होते. तीच ओळ डिस्कवर आडवी, सरळ लिहिली तर ती कितीतरी जास्त वर्तुळांना छेदते आणि वेळ कित्येक पटींनी वाढतो. पूर्ण डिस्कचं चित्र सगळ्यात गडद दर्जात काढायला अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागू शकतो.

मी एक डिस्क केवळ चाचणीसाठी ठेवली आहे. ड्राइव्हला कोन कळत असल्याने छापलेल्या डिस्कवर पुन्हा छापता येतं. म्हणून दर वेळी मागच्या ओळीच्या बाहेर एक नवं कडं घेतो आणि त्यात तारीख व सेटिंग लिहितो. झाडाच्या खोडातली वर्तुळं वाचावीत तसा त्या एका डिस्कवर ड्राइव्हचा गेल्या काही वर्षांचा इतिहास वाचता येतो.

पायरी ५: उमटतं, पण फिकं

सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच, आणि त्यातल्या काही तक्रारीच नव्हेत. हे लेबल एकरंगी असतं, डिस्कच्या मूळ रंगावर करडी-काळपट छटा. चित्र रंगीत दिलं तरी ते तसंच येणार. आणि छापील कागदाइतका काळा रंग इथे मिळत नाही, कधीच मिळत नव्हता.

आधी चित्र तपासा. फोटोतल्या मधल्या करड्या छटा एकमेकींत मिसळून जातात आणि चेहऱ्याचा ढग होतो. फोटो कृष्णधवल करून त्याचा काँट्रास्ट डोळ्याला खटकेल इतका वाढवा. रेखाचित्रं आणि ठसठशीत अक्षरं फोटोपेक्षा नेहमीच सरस उमटतात. बारीक, नाजूक फाँट टाळा.

मग दर्जा. ड्राफ्ट, नॉर्मल आणि बेस्ट यांतला फरक वेगाचा तसाच गडदपणाचाही असतो. पुष्कळ प्रोग्रॅम आपणहून ड्राफ्ट किंवा नॉर्मलवर असतात.

तेही करून झालं तर तेच चित्र त्याच डिस्कवर पुन्हा एकदा छापा. जागेवर नेमकं बसतं आणि गडदपणा स्पष्ट वाढतो. अट एकच: मधल्या वेळात मांडणीत काहीही हलवायचं नाही आणि प्रोग्रॅमही बदलायचा नाही. एका मित्राने दोन छपायांच्या मध्ये शीर्षक 'जरासंच' सरकवलं, आणि दारूच्या अमलाखाली वाचावी तशी दुहेरी अक्षरं मिळाली.

इतकं करूनही, नव्या डिस्कवर, बेस्ट दर्जात लेबल फिकंच येत असेल तर एक साधी परीक्षा घ्या. कोरी सीडी-आर घाला आणि तिच्यावर डेटा लिहून, वाचून पाहा. मग तेच डीव्हीडीवर करा. डीव्हीडी निर्धास्त लिहिली जाते पण सीडी अडखळते, चुका दाखवते किंवा ओळखलीच जात नाही, असं असेल तर सीडीचा अवरक्त लेझर थकला आहे, आणि लेबल काढणारा तोच. दोन्ही अडखळत असतील तर बहुधा दोघांसमोरचं भिंग मळलं आहे. ब्रश असलेली लेन्स साफ करायची डिस्क एकदा चालवून पाहा. एकदाच, पुन्हा पुन्हा नको. दोन्ही ठीक लिहिल्या जात असतील तर लेझरला दोष देऊ नका, डिस्क आणि सेटिंगकडे परत जा.

ड्राइव्ह उघडा ठेवून, वीज चालू ठेवून आत डोकावू नका. हा प्रकाश डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटायचं भानही राहत नाही, आणि तेवढ्यात डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते.

पायरी ६: मध्येच थांबतं, किंवा धूसर येतं

वीस मिनिटं कीबोर्डला कुणी हात लावत नाही, म्हणून कॉम्प्युटर झोपी जातो आणि लेबल अर्ध्यावरच थांबतं. छापण्याआधी स्लीप बंद करा, लॅपटॉप चार्जरला लावा. अर्धवट राहिलेली डिस्क फेकू नका. तेच चित्र पुन्हा सुरुवातीपासून छापा. आतला भाग दुसऱ्यांदा छापला जाऊन थोडा जास्त गडद येईल, एवढंच.

लागोपाठ तीनचार डिस्क केल्या की ड्राइव्ह तापतो, आणि मग चुका वाढतात. मध्ये थोडी उसंत द्या. सगळीच डिस्क धूसर येत असेल तर ती नीट बसली नसेल किंवा थरथरत असेल. ड्राइव्ह सपाट, स्थिर जागी ठेवा. कागदी स्टिकर चिकटवलेली डिस्क या ड्राइव्हमध्ये मुळीच घालू नका. तिचा तोल गेलेला असतो आणि वेगात फिरताना कागद सुटून आत अडकतो.

क्रमाबद्दल एक सूचना: आधी डेटा, मग लेबल. डेटा लिहिताना डिस्क वाया गेली तर निदान अर्ध्या तासाचं चित्र तरी वाया जात नाही.

काही महिन्यांनी पुसट झालं तर

हा ड्राइव्हचा दोष नव्हे. रंगाचा थर प्रकाशाला संवेदनशील आहे, आणि उन्हात ठेवलेली डिस्क फिकी पडत जाते. बंद खोक्यात, अंधारात ठेवा. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या टाळा. डिस्क कडेने धरा, हाताला क्रीम लावलं असेल तर मुळीच धरू नका. लेबल पुसट झालं आणि मूळ फाइल जपलेली असेल तर त्याच डिस्कवर त्याच प्रोग्रॅममधून पुन्हा छापता येतं. म्हणून लेबलची फाइल डिस्कच्या नावानेच साठवून ठेवा.

ड्राइव्ह कधी सोडून द्यायचा

दोन वेगळ्या पाकिटांतल्या स्वच्छ डिस्क, सिस्टिम सॉफ्टवेअर नव्याने टाकलेलं, थेट जोडणी, आणि शक्य असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवरही तोच निकाल. एवढं झाल्यावर, आणि सीडी-आरच्या परीक्षेतही तो नापास झाला असेल, तरच ड्राइव्हला दोषी धरा. फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतलंच सॉफ्टवेअर, बदलून पाहायचा मोह होतो. नेमक्या त्याच मॉडेलची, निर्मात्याने दिलेली फाइल हाती असेल तरच करा. अदलाबदल झाली किंवा मध्येच वीज गेली तर डेटाही लिहिता येईना असा ड्राइव्ह उरतो.

सीडीचा लेझर गेलेला ड्राइव्ह डीव्हीडी लिहायला अजून चालतो. त्याच्या अंगावर तशी चिठ्ठी लावून ठेवा आणि लेबलसाठी दुसरा एखादा जुना ड्राइव्ह शोधा. विकणाऱ्याकडून मॉडेलच्या स्टिकरचा फोटो आधी मागवून घ्या, आणि उरलेल्या लाइटस्क्राइब डिस्क तोवर खोक्यातच राहू द्या.